वन्सं पत्ते वाचायला शिकल्या

नऊ जानेवारी, शुक्रवार. डायरीच्या त्या पानावर मी एवढंच लिहिलं आहे: "स्वयंपाकघरातल्या नळाचं वॉशर बदललं. वन्संना पत्र आलं. जेवताना एक अक्षर बोलल्या नाहीत, जेवल्या मात्र रोजच्यापेक्षा जास्त."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या, दोन वेण्या आणि खरचटलेले गुडघे. तेव्हापासून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला हक्काने रागावतात. आता त्या एकोणसाठच्या आहेत. सहा वर्षांपूर्वी हे गेले, त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या या तीन खोल्यांत आम्ही दोघीच राहतो. लग्न त्यांनी केलं नाही. कोणी कारण विचारलं की म्हणतात, "दिवसभर लोकांच्या तोंडात काय काय असतं ते बघते मी. हौस फिटली."

त्या कवळ्या करतात. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली आहे, तिला एकच खिडकी. तिथे लांब टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाच्या तळाशी पेन्सिलीने नंबर घातलेला. बाजूला गुलाबी मेणाच्या पट्ट्या, एक छोटा स्पिरिटचा दिवा, आणि कप्प्याकप्प्यांचा डबा, ज्यात दात आकाराप्रमाणे निवडून ठेवलेले. पस्तीस वर्षं त्या त्या खोलीत आहेत. रस्त्यात एखादे आजोबा ओळखीचं हसले तर वन्सं नमस्कार करायच्या आधी मला कोपराने ढोसतात. "वरचे सुळे बघितलेत? माझे आहेत."

या धंद्याची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. दातांच्या कामात डावं-उजवं पेशंटचं धरतात, आपलं नाही. पेशंट समोर तोंड करून बसलेला, म्हणजे त्याचं उजवं ते आपल्या डाव्या हाताला. तक्तेही तसेच काढतात. नवीन माणूस इथे हमखास चुकतो. वन्सं कधीच चुकत नाहीत. समोरच्या माणसाने 'डावं' म्हटलं की त्यांचा हात आपोआप स्वतःच्या उजवीकडे जातो. घरीसुद्धा. मी समोरून "डावीकडचा कप द्या" म्हटलं की मला नको तो कप मिळतो, आणि वर ऐकून घ्यावं लागतं, "तुमचं डावं म्हणालात ना?"

तर ते पत्र. डॉक्टर थकले होते, मे महिन्यात दवाखाना बंद करणार होते. वन्संचं काय होणार याची काळजी त्यांनाच जास्त होती. त्यांनी आपल्या ओळखीच्या एका शाळेला परस्पर कळवलं होतं, आणि त्या शाळेच्या प्राचार्यांनी वन्संना लिहिलं होतं. कवळ्या करायला शिकवणारी शाळा, दुसऱ्या गावात, बसने पाच तासांवर. दोन वर्षं येऊन शिकवाल का? राहायला खोली देऊ. तीस एप्रिलपर्यंत कळवा.

जावं की घरी बसावं? प्रश्न एवढाच होता. पण वन्संनी तो प्रश्न मला विचारला नाही.

"तुमचं काय म्हणणं आहे?" मीच दोन दिवसांनी विचारलं.

"अजून बराच वेळ आहे," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. चष्मा स्वच्छच होता.

त्या अशा का वागताहेत ते मला कळेना. हातात कला, समोरून बोलावणं. आणि खरं सांगायचं तर मी फार खोदलंही नाही. त्या गेल्या तर या तीन खोल्यांत मी आणि घड्याळ. एकाहत्तराव्या वर्षी माणूस अशा गोष्टींचा हिशोब मनातल्या मनात करतो आणि तोंड बंद ठेवतो.

त्याच आठवड्यात दवाखान्यात पत्तेवाल्या बाई आल्या. या बाई पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता ब्याऐंशीच्या. त्यांची जुनी कवळी बोलताना खाली पडायची, आणि बोलणं हाच त्यांचा उद्योग. निवृत्त झाल्यापासून त्या भविष्याचे पत्ते वाचतात, शेजारपाजारचे लोक त्यांच्याकडे अडचणी घेऊन जातात. वन्संनी त्यांना नवी कवळी बसवून दिली आणि म्हणाल्या, "एक ते शंभर मोजा बघू." बाईंनी शंभरपर्यंत मोजलं, आणखी वीस आपल्या मनाने मोजले, आणि आरशात बघत म्हणाल्या, "पोरी, तू मला माझा आवाज परत दिलास. तुला काय देऊ?"

"पत्ते वाचायला शिकवा," वन्संनी सांगितलं.

हे मला वन्संनीच घरी येऊन सांगितलं. माझ्या हातातली पातेली पडायची राहिली. कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला सिस्टर बजावायच्या की पत्ते, फासे आणि स्वप्नं यांच्या नादी लागलेल्या मुलीचं शुद्धलेखन बिघडतं. मी हसले.

"हसू नका, वहिनी. शिकून घेते आणि मग शांतपणे बघते, जावं की नाही ते. दुसऱ्याला कशाला विचारायचं?"

त्यानंतर दर गुरुवारी दवाखाना सुटला की त्या बाईंच्या घरी जाऊ लागल्या. मीही दोनदा सोबत गेले. तळमजल्यावरची खोली, खिडकीत जाड बुडाच्या कुंड्या, मधे चौकोनी टेबल. बाई खिडकीकडे पाठ करून बसत, वन्सं समोर. अठ्ठ्याहत्तर पत्ते. त्यातले बावीस मोठे, प्रत्येकावर एक चित्र: राजा, वेडा, मनोरा, एका पायाने लटकलेला माणूस. उरलेले छप्पन्न साध्या पत्त्यांसारखे चार रंगांत, पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. बाई पिसायला लावत, तीन पत्ते उचलून एका ओळीत मांडत आणि बोटाने दाखवत, "हे डावीकडे, मागचं. हे मधे, आत्ताचं. हे उजवीकडे, पुढचं. कळलं?"

"कळलं," वन्सं म्हणाल्या.

मी तिथेच बसले होते. मलाही कळलं असंच वाटलं.

पत्त्यांबरोबर एक पुस्तिका होती, बोटाएवढी जाड, इंग्रजीत, आणि अक्षर मुंगीएवढं. वन्संचं इंग्रजी दातांपुरतं. म्हणून पुस्तिका माझ्या गळ्यात पडली. सहा दिवस रोज दुपारी भिंग घेऊन बसून मी अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचे अर्थ एका वहीत उतरवले, रंगांप्रमाणे, समास सोडून. वन्सं मागे उभ्या राहून वाचत.

"हा वेडा कड्याच्या टोकावर उभा आहे आणि तुम्ही लिहिलंय 'नवी सुरुवात'?"

"पुस्तिकेत तसंच आहे."

"पुस्तिका लिहिणारा कड्यावरून पडला नसेल कधी."

मग सराव सुरू झाला. सरावाला प्रश्न हवेत, आणि बाईंची ताकीद होती की मोठा प्रश्न एकदाच विचारायचा, तोही हात बसल्यावर. म्हणून आम्ही छोटे प्रश्न विचारले. गॅसवाला कधी येईल. वरच्या मजल्यावरचे पाहुणे जातील का. डॉक्टरांचा खोकला सर्दीचा आहे की नुसता लक्ष वेधायचा. वन्सं मांडत, मी त्यांच्या शेजारी बसून डायरीत तीन चौकोन काढत असे, आत पत्त्याचं नाव, खाली वन्सं सांगतील ते, 'मागचं', 'आत्ताचं', 'पुढचं'. आणि दोन-चार दिवसांनी लाल शाईने, खरं झालं की नाही ते. एप्रिलच्या मध्यापर्यंत त्रेसष्ट मांडण्या झाल्या. त्यातल्या एकेचाळीस खऱ्या निघाल्या. मी मोजलं आहे.

"गॅसवाला जमेस धरलात का?" वन्संनी विचारलं.

"तो कधीतरी येणारच होता हो."

"मग? आला ना!"

गंमत वाटायची, पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. वन्सं बदलत होत्या. पूर्वी कामावरून आल्या की गप्प असायच्या. आता एखादा पत्ता समोर ठेवला की बोलू लागत, म्हणजे पत्त्यातल्या माणसाबद्दल बोलायच्या आणि बोलता बोलता स्वतःकडे यायच्या. एकदा काठीला टेकून उभ्या, डोक्याला पट्टी बांधलेल्या माणसाकडे बघून म्हणाल्या, "हा पहारा देतोय, पण त्याला विचारा कशावर. त्यालाही आठवत नसेल." आणि पत्ता पालथा घातला. मी विचारलं नाही. नुसतं लिहून ठेवलं.

एकोणीस एप्रिल, रविवार. सकाळचा चहा झाला, वन्संनी टेबल पुसलं, दोनदा पुसलं, आणि म्हणाल्या, "आज विचारते."

पत्ते पिसले. मी वही उघडली. तीन पत्ते निघाले. डाव्या टोकाला आठ तलवारी: डोळ्यांना पट्टी, अंगाला दोऱ्या बांधलेली एक बाई, भोवती आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या. मधे चार पेले. उजव्या टोकाला सहा तलवारी: पाण्यावरची नाव, नावाडी वल्हं मारतोय, आणि आत पाठमोरी बसलेली बाई पलीकडच्या काठाकडे चालली आहे.

वन्संनी उजवीकडच्या नावेवर बोट ठेवलं. "हे मागचं. एकदा गेले होते मी. बरोबर आहे." मग डावीकडच्या बांधलेल्या बाईवर. "आणि हे पुढचं. गेले तर हे."

मधल्या पत्त्याकडे दोघींनीही बघितलं नाही.

"नाही जायचं," त्या म्हणाल्या. चेहरा असा की डॉक्टरांनी दात काढायचाच म्हणून सांगावं. आणि मला, लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे: "बरं वाटलं."

सोमवारी त्यांनी नकाराचं पत्र लिहिलं. दोन पानं. मंगळवारी सकाळी पाकीट माझ्या हातात दिलं, कारण पोस्टाची पेटी माझ्या वाटेवर आहे. मी इतकी भराभर निघाले की स्वेटर खुर्चीवरच राहिला. पेटी साडेदहाला उघडतात. मी दहा वाजून पाच मिनिटांनी पत्र टाकलं.

त्यानंतरचे दोन दिवस घरात सगळं नेहमीसारखं होतं आणि काहीच नेहमीसारखं नव्हतं. वन्सं कामावर जात होत्या, येत होत्या. पत्ते डब्यात. बुधवारी त्यांनी एक जबडा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर त्यात दात बसवत बसल्या, जणू दवाखान्यात वेळच पुरत नव्हता. "पुढच्या महिन्यापासून काय करणार?" असं मी विचारणार होते. त्यांच्या हाताकडे बघितलं आणि नाही विचारलं.

गुरुवारी बाई आमच्याकडे आल्या. नवी कवळी खालच्या हिरडीला एका जागी घासत होती आणि दवाखान्यात दुपारी कोणी नव्हतं. वन्संनी कवळी काढून घेतली, खिडकीत नेऊन बघितली आणि कानस घेऊन बसल्या. बाई बिनदाताच्या टेबलाशी बसून राहिल्या, आणि मी त्यांचं मन रमावं म्हणून डायरीतल्या मांडण्या दाखवल्या. हौसेने केलेलं काम कोणीतरी बघावं असं वाटतंच.

बाईंनी पान बघितलं. मग दुसरं. मग एकदम अंग हलवून हसू लागल्या. दात नसल्यामुळे आवाज कमी आणि वारा जास्त.

"हे काय गं पोरींनो! हे उलटं मांडलंय!"

"उलटं कसं?" वन्संनी कानस थांबवली.

"मागचं डावीकडे ठेवायचं. तू उजवीकडे ठेवलंयस. सगळ्या पानांवर!"

"तुम्ही डावीकडेच म्हणालात. तुमच्या डावीकडे. तुम्ही समोर होतात, म्हणजे माझ्या..." आणि वन्सं थांबल्या. कवळी एका हातात, कानस दुसऱ्या हातात. त्यांनी उजवा हात बघितला, मग डावा. मला आधी कळलं नाही. मग कपांची आठवण झाली आणि कळलं. बाईंनी समोरून 'डावं' म्हटलं होतं आणि वन्संच्या पस्तीस वर्षांच्या सवयीने ते बिनचूक उलटवून ठेवलं होतं. तीन महिने त्या मागचं पुढे आणि पुढचं मागे वाचत होत्या, आणि मी ते मोत्यासारख्या अक्षरात लिहून ठेवत होते.

"मग त्या एकेचाळीस खऱ्या निघाल्या त्यांचं काय?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच असेल. लाल शाईचा अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

"सुलट्या वाचून बघा," बाई म्हणाल्या.

मी बघितल्या. पहिल्या दहा. गॅसवाल्याची मांडणी सुलटी वाचली तरी गॅसवाला येतच होता. पाहुण्यांची सुलटी वाचली तर जास्तच पटत होती.

"दोन्हीकडून खरं?" वन्सं म्हणाल्या. "मग उपयोग काय याचा?"

बाईंनी हात पुढे केला, वन्संनी कवळी दिली, त्यांनी ती बसवली आणि जीभ फिरवून बघितली. मग बोलल्या. "मी चाळीस वर्षं लाइन जोडून दिली. बोलायचं लोकांनी आपापसांत. मी मधे पडले असते तर नोकरी गेली असती. पत्त्यांचं तेवढंच. आता सांग, मोठा प्रश्न विचारलास का?"

वन्संनी सांगितलं. मी रविवारचं पान उघडलं. बाईंनी तीन पत्ते डब्यातून शोधून जसेच्या तसे मांडले, बांधलेली बाई डावीकडे, नाव उजवीकडे, आणि वन्संना म्हणाल्या, "वाच."

वन्सं खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी बांधलेल्या बाईवर बोट ठेवलं.

"ही मागची," त्या म्हणाल्या. "वहिनी, तुम्हाला आठवतं, मी तेविसाव्या वर्षी त्या मोठ्या इस्पितळात, दातांच्या विभागात, नोकरीला गेले होते?"

न आठवायला काय झालं. अकरा दिवसांत परत आल्या होत्या. त्या वर्षीच्या डायरीत आहे: "वन्सं परत आल्या. तिकडचं पाणी मानवलं नाही म्हणतात." छत्तीस वर्षं मी तेच धरून चालले होते.

"पाण्याचं काही नव्हतं," वन्सं म्हणाल्या. "दहाव्या दिवशी तिथल्या मोठ्या बाईंनी मला बाराजणांसमोर उभं केलं. नव्या लोकांना दात बसवून दाखव म्हणाल्या. हात असे कापायला लागले! मी उजव्या बाजूचे दात डावीकडे बसवले. अख्खी ओळ. बाईंनी तो जबडा वर धरून सगळ्यांना दाखवला. हसले सगळे. मी पण हसले असते, दुसऱ्याचा असता तर. संध्याकाळी पेटी भरली. त्या दिवसापासून डावं-उजवं मी दोनदा तपासते. झोपेतसुद्धा." मग पत्त्यावर बोट आपटत म्हणाल्या, "आणि ही बया मला पुढे दिसत होती. शाळेत, फळ्यासमोर, डोळ्यांना पट्टी बांधून उभी."

मी विचारलं, "आणि मधला?"

"कुठला मधला?"

"चार पेले. तो दोन्ही मांडण्यांत मधलाच आहे. आपण बघितलाच नाही." मी माझी अर्थांची वही उघडली, पण गरज नव्हती. चित्रच पुरेसं होतं. झाडाखाली एक माणूस हाताची घडी घालून बसलाय. समोर तीन पेले. हवेतून एक हात चौथा पेला पुढे करतोय आणि हा बाबा जमिनीकडे बघतोय.

वन्संनी पत्ता उचलून डोळ्यांजवळ नेला आणि एकदम फुटल्याच. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, याचं तोंड बघा! जानेवारीपासून मी या तोंडाने जेवतेय तुमच्यासमोर!"

बाई गेल्या, जाताना दारात म्हणाल्या, "हिरडी छान झाली." वन्सं टेबलावरचे पत्ते न उचलता बसून राहिल्या. मग त्यांना पत्राची आठवण झाली. चेहरा उतरला.

"ते गेलं असेल ना?"

"मंगळवारीच गेलं. दहा वाजून पाच मिनिटांनी." आणि मग माझ्याने राहवेना. "पेटी उघडायच्या आत पडावं म्हणून पळत गेले मी. स्वेटर न घालता."

"बघितला मी स्वेटर खुर्चीवर. म्हटलं उकडत असेल." त्या माझ्याकडे बघू लागल्या. "म्हणजे? मी जाऊ नये असं होतं तुमच्या मनात?"

"होतं."

"मग तोंडाने सांगायचं होतं, वहिनी! तीन महिने पत्ते पिसत बसलोय आपण!"

"तुम्ही मला विचारलंत कुठे? पत्त्यांना विचारलंत."

त्यांनी पत्ते गोळा केले, डब्यात भरले, झाकण लावलं.

"आता विचारते," त्या म्हणाल्या. "जाऊ का मी?"

मनातल्या मनात किती वेळा पाठ केलेलं उत्तर होतं माझं, आणि ते दुसरंच होतं. पण त्या बसल्या होत्या अशा, की बाराजणांसमोर उभी असलेली तेवीस वर्षांची मुलगी मला स्पष्ट दिसत होती, आणि तिला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं की बाई गं, परत का आलीस. मीही नव्हतं विचारलं. पाणी मानवलं नाही असं लिहून पान उलटलं होतं.

"जा," मी म्हटलं. "महिन्यातून दोनदा या मात्र. नाहीतर मी भिंतीशी बोलायला लागेन, आणि भिंत तुमच्यापेक्षा जास्त ऐकून घेईल."

"ती तर आत्ताही ऐकून घेते," वन्सं म्हणाल्या आणि उठून तोंड धुवायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

आता प्रश्न उरला पत्राचा. शुक्रवारी सकाळी नऊ वाजता शाळेत फोन लावला. वन्सं टेलिफोनजवळ ताठ उभ्या होत्या, बूट घालून, घरातल्या घरात. मी शेजारच्या खुर्चीवर. फोन प्राचार्यांनीच उचलला आणि आवाज इतका खणखणीत की मला सगळं ऐकू येत होतं.

"मी तुम्हाला नकाराचं पत्र पाठवलं होतं..." वन्संनी सुरुवात केली.

"काल मिळालं. आत्ता समोरच आहे माझ्या. तुम्ही नाही म्हणायला दोन ओळी घेतल्या आहेत आणि उरलेल्या पावणेदोन पानांत आमच्या अभ्यासक्रमात काय काय चुकतंय ते लिहिलंय."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी ते पत्र वाचलेलं नव्हतं. पाकीट बंद होतं.

"मेणाचं काम पहिल्या सहामाहीत का घेत नाही, असं विचारलंय तुम्ही. चौथ्या परिच्छेदात. अधोरेखित करून."

"कारण ते तसंच घ्यायला हवं," वन्सं म्हणाल्या. आवाजातली भीती गेली होती. "आधी मेण. हाताला मेण कळलं नाही तर पुढे सगळं पाठांतर."

"मलाही तेच वाटतं. म्हणून मी जागा दुसऱ्या कोणाला दिलेली नाही. म्हटलं, ज्या बाईंना यायचंच नाही त्या इतकं कशाला लिहितील? सोमवारी मीच फोन करणार होते. येताय ना?"

"येते. पण खोली तळमजल्यावर हवी."

"देतो."

"आणि एक शनिवार आड मला घरी यायचं असतं. माझ्या वहिनी एकट्या असतात."

"चालेल."

"आणि मेण पहिल्या सहामाहीत."

"घ्या."

फोन ठेवला. वन्सं मटकन माझ्या शेजारी बसल्या. "इतक्या पटापट हो म्हणाल्या. आणखी काहीतरी मागायला हवं होतं, वहिनी."

"काय?"

"सुचत नाहीये. म्हणून तर राग येतोय."

त्या दिवशी आम्ही दोघी दुपारी गाढ झोपलो, चारपर्यंत, दिवसाढवळ्या, पडदेसुद्धा न ओढता. जागी झाले तेव्हा मानेतली एक शीर, जी जानेवारीपासून ताणलेली होती असं मला आता कळलं, ती सैल झाली होती. मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमची मान? माझा जबडा!" आणि तोंड उघडून, मिटून दाखवलं, त्यांच्या त्या दवाखान्यातल्या पद्धतीने.

मे महिन्यात दवाखाना बंद झाला. डॉक्टरांनी वन्संना दातांचा कप्प्याकप्प्यांचा डबा दिला आणि निरोपाचं भाषण करायला उभे राहिले तर खोकलाच आला. या वेळी तो खरा होता. जूनच्या पहिल्या सोमवारी वन्सं सकाळच्या बसने गेल्या. दोन पेट्या, एक पिशवी, आणि मांडीवर तो डबा, वर ठेवला तर दात मिसळतील म्हणून. मी घरी आले. घर मोठं वाटेल अशी मनाची तयारी केली होती. वाटलं, पण तेवढं नाही. दुपारी एकटीने जेवताना खुर्चीवर पाय वर घेऊन बसले, जे वन्सं कधी बसू देत नाहीत.

पहिला तास बुधवारी होता. संध्याकाळी सहा वाजता फोन आला.

"वहिनी, ऐका. सोळा जणी आहेत. पहिल्या बाकावरच्या चौघी फार हुशार, त्यांच्याकडून काही होणार नाही. मागे एक आहे, ती मेण नुसतं हातात धरून बसली होती अर्धा तास. मी विचारलं काय करतेयस, तर म्हणे ऊब कुठवर जाते ते बघतेय. ही करेल काम! आणि माझे हात कापले, हो, कापले की. सुरुवातीला. मी सांगूनच टाकलं, हात कापतायत माझे, तोवर तुम्ही माझ्याकडे बघू नका, मेणाकडे बघा. तर सगळ्या खाली बघायला लागल्या. मग थांबले आपोआप. आणि खिडक्या उत्तरेला आहेत, उजेड काय सुंदर येतो, आणि कानशी मात्र इतक्या बोथट..."

कानशींवर दहा मिनिटं झाली. मग प्राचार्यांवर, मग खोलीतल्या दाराच्या कडीवर. मी हं, हं करत होते. चाळीस मिनिटांनी त्या "बरं, ठेवते, उद्याची तयारी करायचीय" म्हणाल्या आणि फोन ठेवलासुद्धा. मी कशी आहे, जेवले का, औषध घेतलं का, एक अक्षर विचारलं नाही.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि तिथेच उभी राहून मोठ्याने हसले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.